आई-वडिलांसाठी घराला जोडून स्वतंत्र खोली: नियोजन आणि खर्चाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाकडचे घर बंद करून आई-वडील मुलाकडे किंवा मुलीकडे कायमचे राहायला येणार असतात, किंवा वरच्या मजल्यावर झोपणाऱ्या आईला गुडघ्यांमुळे जिना झेपेनासा होतो, आणि मग घराच्या बाजूला मोकळ्या पडलेल्या जागेकडे सगळ्यांचे लक्ष जाते. तिथे एक खोली, न्हाणीघर आणि चहापुरता ओटा काढावा, असा विचार अनेक घरांत होतो. पुढील प्रश्न अशाच कुटुंबांनी घरबांधणीच्या कामात आम्हाला वेळोवेळी विचारलेले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील स्वतःच्या जागेवरचे बंगले, रो-हाउस आणि गावठाणातील घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. दर गावागणिक बदलतात. त्यामुळे आकडे आपल्या गावच्या दराने बदलून घ्यावेत, हिशेबाची रीत मात्र हीच ठेवावी.

सुरुवात कुठून करावी? आधी नकाशा, की आधी बजेट?

दोन्हींच्या आधी ज्यांच्यासाठी खोली बांधायची आहे त्यांच्याशी बोलावे. हे सांगण्याची गरज पडू नये असे वाटते, परंतु नकाशा मंजूर होईपर्यंत आईला कोणी काही विचारलेलेच नाही, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. चाळीस वर्षे स्वतःचे स्वयंपाकघर सांभाळलेल्या बाईला सकाळचा चहा सुनेच्या वेळापत्रकाने घ्यावा लागला तर ती बोलून दाखवत नाही, पण ते तिला लागते. तिला दोन शेगड्यांचा ओटा हवा आहे का, देव कुठे मांडायचे आहेत, वडिलांना पहाटे उठून रेडिओ लावायची सवय आहे का, रात्री किती वेळा उठावे लागते, गावाकडून येणाऱ्या आत्या-मावशींना दोन दिवस झोपायला जागा लागेल का, या प्रश्नांच्या उत्तरांतून नकाशा तयार होतो.

त्यानंतर आजची प्रकृती आणि आणखी दहा वर्षांनी असू शकणारी प्रकृती, या दोन्हींचा विचार करावा. आज वडील काठीशिवाय चालतात म्हणून अडीच फुटांचे दार बसवले आणि पुढे चाकाची खुर्ची आली, तर दार फोडण्याचा खर्च ते रुंद बसवण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट येतो.

किती जागा पुरेशी होते?

दोन माणसांसाठी ३०० ते ३५० चौरस फूट बांधकाम पुरते. त्यात साधारण ११ बाय १३ फुटांची खोली, साडेपाच बाय आठ फुटांचे न्हाणीघर, छोटा ओटा आणि बाहेर बसायला चार-पाच फुटांचा व्हरांडा बसतो. मोठ्या खोलीपेक्षा व्हरांडा महत्त्वाचा, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हातारपणी दिवसाचा मोठा भाग बसून जातो. रस्ता, झाड, येणारी-जाणारी माणसे दिसतील अशी सावलीची जागा मिळाली तर त्या वेळेला अर्थ राहतो. व्हरांडा कापून खोली दोन फुटांनी वाढवू नये.

खोलीत पलंगाच्या निदान एका बाजूला तीन फूट मोकळी जागा ठेवावी आणि खोलीत कुठेतरी पाच बाय पाच फुटांचा चौक रिकामा राहील असे पाहावे, म्हणजे चाकाची खुर्ची वळू शकते.

न्हाणीघरावर इतका भर का दिला जातो?

कारण वयस्कर माणूस घरात पडतो तेव्हा अनेकदा तो न्हाणीघरात किंवा न्हाणीघराच्या वाटेवर पडतो, आणि उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर सगळे घर अंथरुणाला खिळते. क्षेत्रफळात, टाइल्सच्या नक्षीत, छताच्या पीओपीमध्ये जेवढी काटकसर करायची तेवढी करावी. न्हाणीघरात करू नये. या पानावरचे हे एकच उत्तर लक्षात राहिले तरी चालेल.

माझ्या स्वतःच्या घरी वडिलांसाठी खोली काढली तेव्हा न्हाणीघराच्या दारात पाणी बाहेर येऊ नये म्हणून अर्ध्या इंचाची संगमरवरी पट्टी बसवली होती. ती नकाशात मीच दाखवली होती. पहिल्या महिन्यातच लक्षात आले की वडिलांच्या उजव्या पायातली सपाता दर वेळी त्या पट्टीला अडते, ते क्षणभर थांबतात, चौकटीला हात टेकतात आणि मग पाय उचलतात. ती पट्टी आम्ही काढली, दाराच्या आत जमिनीला लागून लांब जाळीची निचरा-नाली बसवली आणि फरशीला त्या दिशेने उतार दिला. पाणी बाहेर येत नाही आणि पायही अडत नाही. तेव्हापासून आम्ही कोणत्याही ज्येष्ठांच्या खोलीत उंबरठा ठेवत नाही.

बाकीच्या गोष्टी अशा. दार निदान तीन फुटांचे असावे आणि ते बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, कारण आत पडलेल्या माणसाच्या अंगाने आत उघडणारे दार अडते आणि मदतीला आलेल्यांना ते लोटता येत नाही. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी हवी. कमोडची बैठक जमिनीपासून १८ ते १९ इंच उंच असावी. कमोडच्या बाजूला आणि अंघोळीच्या जागी स्टीलचे आधारदांडे साधारण ३२ ते ३४ इंच उंचीवर बसवावेत. हे दांडे पूर्ण माणसाचा भार घेतात, टॉवेल टांगण्याच्या दांडीसारखे ते केवळ टाइलवर बसवून चालत नाहीत. हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर त्या उंचीवर काँक्रीटची पट्टी आधीच ओतून घ्यावी. गिलावा झाल्यावर हे सुचून उपयोग नाही. फरशी खडबडीत, अँटिस्किड हवी, आणि ओली व कोरडी जागा वेगळी हवी. अंघोळीला भिंतीत घट्ट बसवलेले बैठे आसन किंवा जड स्टूल, आणि हातात धरता येणारा शॉवर असावा. गीझरचे पाणी एकदम कढत येऊ नये म्हणून तापमान बेताचे लावून ठेवावे.

पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, रात्रभर जळणारा छोटा दिवा लावावा. पलंगाशी दुहेरी स्विच आणि मुख्य घरात वाजणारी घंटा असावी; न्हाणीघरातही एक घंटेचे बटण बसलेल्या माणसाच्या हाताला येईल असे हवे.

जोते उंच असेल तर चढ-उतारासाठी काय करावे?

उताराचे प्रमाण साधारण एकास बारा धरावे. म्हणजे जोते दीड फूट उंच असेल तर उतार १८ फूट लांब लागतो, आणि वर-खाली थांबायला मोकळी जागा निराळी. बाजूच्या जागेत एवढी लांबी मिळत नाही, म्हणून मिस्त्री सहा-सात फुटांत उतार काढून देतो. तो दिसायला उतार असतो, पण त्यावरून चाकाची खुर्ची एकट्याने नेता येत नाही आणि पावसाळ्यात पाय घसरतो. जागा कमी असेल तर मध्ये वळण देऊन उतार काढावा. दुसरा उपाय म्हणजे नव्या खोलीची फरशी जुन्या घराच्या फरशीशी तंतोतंत समपातळीत ठेवणे आणि उताराचा खर्च पुढच्या मुख्य दारापाशी एकदाच करणे. पावसाचे पाणी आत शिरेल या भीतीने जोते नको तेवढे उंच केले जाते. त्याआधी अंगणातल्या पाण्याचा निचरा कुठे होतो ते पाहावे.

परवानगी लागते का? एकच तर खोली आहे.

लागते. रंग, गिलावा, फरशी बदलणे यांसारख्या दुरुस्त्यांना बांधकाम परवानगी लागत नाही. पण नवे क्षेत्र वाढत असेल तर खोली एक आहे की चार, याने फरक पडत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे नियोजन प्राधिकरणाची पूर्वपरवानगी आवश्यक आहे आणि तिच्याशिवाय केलेले बांधकाम पाडण्याची नोटीस निघू शकते. महानगरपालिका क्षेत्रात अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराबरोबर शास्तीही (दंडही) बसू शकते.

राज्याच्या बहुतेक भागांत डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे; मुंबई महानगरपालिका, एमआयडीसी आणि काही विशेष क्षेत्रांना वेगळे नियम आहेत. या नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांवरील लहान घरांसाठी प्रक्रिया सोपी केलेली आहे: नोंदणीकृत तज्ज्ञाने नियमांत बसवलेला नकाशा, आवश्यक कागद आणि शुल्काची पावती यांवर काम पुढे जाते. मात्र प्रक्रिया सोपी झाली म्हणून नियम सैल झाले असे समजू नये; नकाशा नियमांत बसण्याची जबाबदारी तज्ज्ञावर आणि मालकावर येते.

अडचण मुख्यतः दोन ठिकाणी येते. पहिली सामासिक अंतराची. घराच्या बाजूला जी मोकळी जागा आपल्याला दिसते ती अनेकदा कायद्याने मोकळी ठेवायची जागा असते आणि तिथे खोली बांधता येत नाही. दुसरी चटई क्षेत्राची (एफएसआय), म्हणजे त्या भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येते याची. पूर्वीच्या बांधकामात अनुज्ञेय चटई क्षेत्र किती वापरले गेले आहे, हे जुन्या मंजूर नकाशावरून पाहावे लागते. तो नकाशा सापडत नसेल तर आधी नगरपालिकेत अर्ज करून त्याची प्रत मिळवावी. जुन्या घरातच मंजुरीपलीकडे काही वाढवलेले असेल, तर नव्या परवानगीच्या वेळी ते उघडे पडते आणि नियमित करून घ्यावे लागते. वास्तुविशारदाला हे लपवण्यापेक्षा पहिल्याच भेटीत सांगावे.

जागा वडिलांच्या नावावर आहे आणि खर्च एकटा मी करणार आहे. काही अडचण आहे का?

आज नसेल, पुढे येऊ शकते. जागा ज्याच्या नावावर त्याच्याच नावाने परवानगी निघते आणि बांधकामही जागेबरोबर जाते. भाऊ-बहिणी असतील तर आपण घातलेले १२-१३ लाख रुपये उद्या वाटणीत कसे धरले जाणार, हा प्रश्न उरतो. तो प्रश्न आई-वडील समोर बसलेले असताना, चहा पिता पिता सोडवणे सोपे असते. कोणी किती पैसे घातले, ते बक्षीस म्हणून की वाटणीत वळते करायचे, आणि खोलीत आई-वडिलांचा हयातभर राहण्याचा हक्क अबाधित आहे, इतके वकिलाकडून साध्या भाषेत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. सातबारा, मिळकत पत्रिका किंवा गावठाणात ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांचे संमतीपत्र परवानगीसाठी आणि कर्जासाठीही लागते.

या निमित्ताने आणखी एक गोष्ट घडते. महाराष्ट्रात मुला-मुलीला राहते घर बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क केवळ ₹२०० असल्यामुळे 'आता नावावरच करून टाका' असा सल्ला कोणीतरी देतो. आई-वडिलांनी घाई करू नये असे आम्हाला मनापासून वाटते. देखभालीची अट घालून दिलेली मिळकत, ती अट पाळली गेली नाही तर, २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडून रद्द ठरवून घेता येते. म्हणून कागद करायचाच असेल तर देखभालीची अट त्यात स्पष्ट लिहावी.

जुन्या भिंतीवर स्लॅब टेकवून खर्च वाचवता येईल का?

बहुतेक वेळा येत नाही, आणि जो वाचतो तो पुढे गळती आणि भेगांत दुप्पट जातो. जुने घर बांधून वीस-तीस वर्षे झालेली असतात, त्याचा पाया खाली बसायचा तेवढा बसलेला असतो. नवा पाया पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत थोडा बसतो. दोन्ही एकमेकांना घट्ट बांधले तर जोडावर वरपासून खालपर्यंत भेग पडते. म्हणून नव्या खोलीला स्वतःचे फुटिंग (पायाचा तळ), कॉलम आणि बीम द्यावेत, जुन्या भिंतीपासून इंचभर सांधा ठेवावा, तो लवचीक भरणीने भरावा आणि वर पाणी शिरू नये म्हणून पत्र्याची किंवा काँक्रीटची झाकणी द्यावी. पावसाळ्यातली गळती बहुतेक याच सांध्यातून होते.

विदर्भ, मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांत काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. खोदाई मुरूम लागेपर्यंत न्यावी लागते आणि पायाचा खर्च वाढतो. एक खड्डा आधी खणून पाहायला फार पैसे लागत नाहीत आणि अंदाजपत्रकातला सर्वांत मोठा संशय त्याने मिटतो.

दगड-मातीच्या जुन्या भिंतींवर तर कोणताही नवा भार टाकू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात माणसे प्रामुख्याने मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदे कोसळून दगावली. गावाकडच्या वाड्याला लागून खोली काढताना ती वाड्यापासून सुटी, स्वतःच्या चौकटीवर उभी असावी आणि मधला रस्ता हलक्या छताचा असावा.

खर्चाचा अंदाज कसा काढावा?

चौरस फुटाचा दर गुणिले क्षेत्रफळ, इतक्यावर बहुतेक जण थांबतात, आणि बजेट कोलमडण्याचे कारण बहुधा तेच असते. एक नमुना हिशेब पाहू. ३४० चौरस फूट बांधकाम, मटेरियलसह ₹२,४०० दर धरला तर ₹८,१६,००० होतात. लहान कामाला दर चौरस फुटाचा खर्च मोठ्या घरापेक्षा जास्त पडतो, कारण न्हाणीघर आणि ओटा या महाग जागा थोड्या क्षेत्रात येतात, आणि मिक्सर, सेंट्रिंग, वाहतूक यांचा खर्च क्षेत्राच्या प्रमाणात कमी होत नाही.

आता दरात न येणारी कामे. नकाशे, स्ट्रक्चरल डिझाइन आणि देखरेख यांसाठी ₹६०,००० धरू. परवानगीचे शुल्क आणि चाचणीचा खड्डा मिळून ₹५०,०००. जुनी भिंत फोडून दार काढणे, सांधा, आणि लागूनच्या जुन्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग यांसाठी ₹७०,०००. ड्रेनेजची लाइन, चेंबर आणि नळजोड ₹४५,०००. विजेचा वेगळा बोर्ड, अर्थिंग, इन्व्हर्टर आणि घंटा ₹५०,०००. उतार, कठडे, अंगणातली फरशी ₹३५,०००. बेरीज ₹११,२६,००० होते. त्यावर १५ टक्के, म्हणजे ₹१,६८,९००, अनपेक्षित खर्चासाठी बाजूला ठेवले की एकूण ₹१२,९४,९०० होतात. तेरा लाख म्हणू. म्हणजे नुसत्या चौरस फुटाच्या दराने काढलेला आकडा एकूण अंदाजाच्या ६३ टक्केच होता. पलंग, कपाट, पडदे यात धरलेले नाहीत.

अनपेक्षित खर्चाची रक्कम ही बचत समजून आधीच टाइल्समध्ये खर्च करू नये. जुन्या घराला हात लावला की भिंतीतली गंजलेली पाइप, कुजलेली चौकट किंवा फुटके चेंबर निघतेच.

मजुरीवर काम द्यावे, की मटेरियलसह?

मालकाकडे वेळ असेल, सिमेंट-वाळूचे भाव विचारायची आणि रोज साइटवर उभे राहायची तयारी असेल तर मजुरीच्या दरावर पैसे वाचतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा फायदाही थेट मिळतो. परंतु खडी आणि क्रश सँडचा (दगड दळून केलेल्या वाळूचा) ब्रास १०० घनफुटांचा आहे की नाही हे मोजून घ्यावे लागते, आणि मजूर येऊन बसले तरी विटांची गाडी आली नाही तर दिवसाची मजुरी वाया जाते. नोकरी करणाऱ्यांना मटेरियलसह काम देणे सोयीचे पडते.

करार मात्र दोन्ही वेळा लेखी हवा. त्यात सर्वांत आधी मोजमाप कसे होणार ते लिहावे: स्लॅबच्या क्षेत्रावर की भिंतीच्या बाहेरच्या मापावर, छज्जा धरायचा की नाही, व्हरांड्याला पूर्ण दर की अर्धा. ३४० चौरस फुटांचे बिल ३९० चौरस फुटांचे होते ते याच ठिकाणी. त्यानंतर सिमेंट आणि सळईचा ब्रँड, सळईचा व्यास, भिंतीची जाडी, फरशीचा खरेदी दर प्रति चौरस फूट, नळ-फिटिंगची किंमत मर्यादा हे लिहावे. 'चांगल्या प्रतीचे' या शब्दांना करारात अर्थ नसतो. वाढीव काम आधी दर ठरवून, वहीत सही झाल्याशिवाय करायचे नाही, ही अट दोन्ही बाजूंना सोयीची पडते.

पैसे कसे द्यावेत?

कामाच्या टप्प्यांप्रमाणे: जोते, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी, रंग. आगाऊ रक्कम दहा टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नये आणि झालेल्या कामापेक्षा दिलेले पैसे कधीही पुढे जाऊ देऊ नयेत. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा गेल्यावर द्यायचे, हे करारातच ठरवावे. गळती आहे की नाही हे पावसाशिवाय कळत नाही.

कर्ज मिळते का?

बँका आणि गृहवित्त संस्था घराच्या विस्तारासाठी कर्ज देतात. मंजूर नकाशा, इंजिनिअरच्या सहीचे अंदाजपत्रक आणि मालकीचे कागद लागतात, आणि रक्कम कामाच्या प्रगतीप्रमाणे हप्त्यांनी मिळते. जागा वडिलांच्या नावावर असेल तर ते सहअर्जदार होतात. आठ लाख रुपये साडेआठ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ₹९,९०० येतो आणि दहा वर्षांत व्याज सुमारे ₹३.९ लाख होते. आयकराच्या नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट मिळत नाही, हे हिशेबात धरावे. आई-वडिलांच्या मुदत ठेवी मोडून खोली बांधण्याचा मार्ग शक्यतो टाळावा. त्या पैशांची गरज औषधोपचारासाठी कधीही पडू शकते.

काम कोणत्या महिन्यात सुरू करावे?

पावसाळ्यात नकाशे, परवानगी आणि दरपत्रके उरकावीत आणि दसऱ्याच्या सुमारास खोदाई करावी. डिसेंबर-जानेवारीत स्लॅब पडला तर त्याला निदान चौदा दिवस भरपूर पाणी देता येते. एप्रिल-मे महिन्यांत अनेक गावांत प्यायलाच टँकर येतो, तिथे स्लॅबवर पाणी साठवणार कुठून? फरशी आणि रंग मार्चपर्यंत संपवून मृगाच्या पहिल्या सरीत सांधे आणि गच्ची तपासावी. कोकणात पाऊस लवकर येतो आणि उशिरापर्यंत राहतो, म्हणून तिथे उतरते छप्पर आणि रुंद पागोळ्या ठेवाव्यात. सपाट गच्चीचा हट्ट धरू नये.

काटकसर करायचीच झाली तर कुठे करावी?

पीओपीचे छत नको. भिंतींना पूर्ण उंचीच्या टाइल्स फक्त अंघोळीच्या जागी लावाव्यात. खोलीत कोटा किंवा साधी मॅट फरशी चालते. जुन्या घरातले सागवानी दार नीट असेल तर रुंदी पाहून पुन्हा वापरावे. बांधीव कपाटे नंतर करता येतात. सळई, पाया, वॉटरप्रूफिंग, वायरिंग आणि न्हाणीघर यांत एक रुपयाही कमी करू नये.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. आम्हाला असे काही करता येईल का?

गच्ची किंवा बाल्कनी बंद करून खोली काढणे हा मार्ग नाही; परवानगीशिवाय ते बेकायदा ठरते आणि इमारतीच्या चौकटीवर भार येतो. त्याच इमारतीत किंवा चालत पाच मिनिटांच्या अंतरावर तळमजल्यावरचा किंवा लिफ्ट असलेला एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट भाड्याने पाहावा. असलेल्या फ्लॅटमधले एक न्हाणीघर वर सांगितल्याप्रमाणे बदलून घेतले तरी मोठा फरक पडतो आणि तो खर्च लाख-दीड लाखांत बसतो. रो-हाउस सोसायटीत असेल तर महापालिकेच्या परवानगीबरोबर सोसायटीचे ना-हरकत पत्रही लागते.

पुढे खोली रिकामी राहिली तर भाड्याने देता येईल का?

देता येते, म्हणून नकाशात खोलीला बाहेरून स्वतंत्र दार आधीच ठेवावे. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे बंधनकारक आहे, आणि भाड्याने दिलेल्या भागाची घरपट्टी वाढू शकते. मात्र भाड्याच्या अपेक्षेने आजच्या आराखड्यात तडजोड करू नये.

काम संपल्यावर कोणते कागद घ्यावेत?

पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला घ्यावा आणि घरपट्टीला नवे क्षेत्र स्वतःहून नोंदवावे. नळाच्या आणि विजेच्या लाइन भिंतीत कुठून गेल्या आहेत त्याचे फोटो गिलाव्यापूर्वी काढून ठेवावेत. पुढे एखादा आधारदांडा नव्याने बसवताना ड्रिल पाइपमध्ये जात नाही.

बांधकाम चालू असताना आई-वडिलांनी कुठे राहावे?

शक्य असेल तर खोदाईपासून स्लॅबपर्यंत ते घरातच राहिले तरी चालते, पण जुनी भिंत फोडण्याचे आणि फरशी घासण्याचे पंधरा-वीस दिवस त्यांना बहिणीकडे किंवा नातेवाइकांकडे पाठवावे. धुळीने दमा उसळतो आणि तात्पुरत्या वाटेवर पडलेल्या सळया, पाइप यांत पाय अडकतो. ते परत येण्याआधी घरातल्या कोणीतरी संध्याकाळी दिवे घालवून, पायात त्यांच्यासारखी सपाता घालून, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत एकदा चालून पाहावे. जिथे पाय अडेल किंवा हात आधार शोधेल तिथे खडूने खूण करावी आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी तेवढे करून घ्यावे.